डॅशबोर्डवरची दिवाळी

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: २०२४च्या सुरुवातीला मी दिल्ली पासिंगची २०१४ मॉडेलची जर्मन डिझेल एसयूव्ही १६ लाखांना घेतली. एअर सस्पेन्शन, सनरूफ, आपोआप उघडणारी डिकी, सगळं आहे. या पावसाळ्यापासून गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. बॅटरी सहा महिन्यांपूर्वीच नवी टाकली आहे. एका सकाळी एबीएस, एअरबॅग, सस्पेन्शन, गिअरबॉक्स आणि पार्किंग ब्रेक, सगळे लाईट एकदम लागले. डिकी रात्री आपोआप उघडते. डिकीतला २०चा फ्यूज सारखा उडायचा म्हणून वायरमनने ३०चा टाकला, तेव्हापासून उडत नाही. मागच्या सीटजवळ दोनदा प्लॅस्टिक जळल्यासारखा वास आला, पण नंतर गेला. वर्कशॉप म्हणतं मुख्य कंट्रोल मॉड्यूल गेलं, २ लाख ४० हजार खर्च. वडील म्हणतात विकून मोकळा हो. बायको मुलांना त्या गाडीत बसवायला तयार नाही. मॉड्यूल बदलू की विकू? आणि विकायची ठरली तर हे सगळं गिऱ्हाइकाला सांगायलाच हवं का?

नमस्कार,

तुमचा प्रश्न 'बदलू की विकू' असा आहे. पण पत्रात जाता जाता लिहिलेली दोन वाक्यं त्याहून मोठी आहेत. एक ३०च्या फ्यूजचं, दुसरं जळक्या वासाचं. ती दोन्ही शेजारी ठेवून वाचा. तुमच्या घरात तुमची पत्नी सर्वांत अचूक निदान करते आहे, असं मी म्हणेन.

म्हणून आज करायचं ते आधी. तो ३०चा फ्यूज काढा आणि २०चा लावा. तो उडाला तर ती जागा रिकामी ठेवा. त्या फ्यूजवर काय काय चालतं ते फ्यूज बॉक्सच्या तक्त्यात पाहून घ्या. त्यावर फ्युएल पंपासारखं काही असलं तर गाडी चालणार नाही, आणि सध्या ती न चाललेलीच बरी. वासाचा उगम सापडेपर्यंत गाडी इमारतीखाली, बंद गॅरेजमध्ये किंवा दुसऱ्या गाडीला चिकटून लावू नका. उघड्यावर लावा आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवा.

टर्मिनल सोडण्याचीही एक पद्धत आहे. गाडी बंद करून, किल्ली लांब ठेवून, २०-२५ मिनिटं थांबा, म्हणजे आतली मॉड्यूल्स (छोटे संगणक) आपापलं काम आवरून झोपतात. तुमची बॅटरी डिकीत असेल तर टर्मिनल सोडल्यावर डिकी बंद करू नका. वीज नसताना ती बाहेरून उघडणार नाही आणि मग मागची सीट पाडून आत रांगत जावं लागेल. रिमोटच्या आत एक साधी लोखंडी किल्ली दडलेली असते. ती चालकाच्या दाराला लागते का, हे आधीच बघून ठेवा. पुन्हा जोडल्यावर काचांचं एका बोटात वरखाली होणं बंद झालेलं दिसेल. तो बिघाड नाही. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-चार सेकंद धरून ठेवलं की ते पूर्ववत होतं.

आता फ्यूजबद्दल. फ्यूज मोटारीला किंवा दिव्याला वाचवण्यासाठी असतो असा समज आहे. तो असतो वायरीसाठी. २०चा फ्यूज म्हणजे त्यामागची वायर सुमारे २० अँपिअर सोसेल अशा जाडीची आहे. करंट दीडपट झाला की वायरीतली उष्णता दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. म्हणजे ३०चा फ्यूज टाकल्यावर त्या सर्किटमध्ये सर्वांत आधी वितळायचं काम फ्यूजकडून वायरीकडे गेलं, आणि ती वायर तुमच्या मुलांच्या सीटमागच्या ट्रिमखालून (प्लॅस्टिकच्या आच्छादनाखालून) जाते. तुमच्या वायरमनने बिघाड काढला नाही, बिघाडाची तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद केलं.

यातली दुसरी बाजूही लक्षात घ्या, कारण बरोबर फ्यूज बसवून तुम्ही निश्चिंत व्हाल. ढिला किंवा गंजलेला जोड तापतो तेव्हा फ्यूज उडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. २५ अँपिअरच्या लाइनवर एखाद्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) ०.१ ओहम एवढा क्षुल्लक रोध आला, तर त्या एका ठिकाणी सुमारे ६२ वॉट उष्णता तयार होते. वायरी डागायचं सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्यावरच तापतं. वास येऊन जातो तो असाच. लोड, म्हणजे त्या लाइनवरचं उपकरण, चालू असतो तोवर जोड भाजतो, लोड बंद झाला की गार होतो. म्हणून 'नंतर गेला' यावर विसंबू नका. वास आला तेव्हा काय चालू होतं ते आठवा. मागचा एसी ब्लोअर? मागच्या काचेचा डिफॉगर? डिकीची मोटर? गाडी खालून वर उचलली जात होती का? तपासणाऱ्याला हे सांगितलंत तर त्याचा अर्धा दिवस वाचेल.

तुमचं दुसरं गृहीतक असं की पाच लाईट लागले म्हणजे पाच गोष्टी बिघडल्या, किंवा त्या पाचांवर राज्य करणारा एक 'मेन कॉम्प्युटर' गेला. या गाड्यांत असा एकच राजा नसतो. पाच-पन्नास छोटी मॉड्यूल्स आपसात दोन तारांवर बोलत असतात. ती सगळी एकदम रडायला लागली तर बहुतेक वेळा कारण तिघांपैकी एक असतं: व्होल्टेज पडलं, अर्थिंग (करंट बॉडीच्या धातूतून बॅटरीकडे परतण्याची वाट) बिघडलं, किंवा कुठेतरी पाणी शिरलं. मॉड्यूल खरंच जातंही, पण बरेचदा ते पाण्याने गेलेलं असतं. पाण्याची वाट न बुजवता नवं बसवलं तर पुढच्या पावसाळ्यात तेच कोटेशन तुम्हाला पुन्हा मिळेल.

बॅटरी नवी आहे म्हणून व्होल्टेजवरचा संशय सोडू नका. आधी ती कोणती आहे ते पाहा. या वर्गातल्या गाड्यांत साधारण ९० ते १०५ अँपिअर-अवरची एजीएम (आत शोषक काचतंतूंचं अस्तर असलेली, महागडी) बॅटरी असते. तिच्या जागी साधी, कमी क्षमतेची, स्वस्तातली बसवलेली सर्रास दिसते. शिवाय नवी बॅटरी टाकल्यावर स्कॅनरने गाडीला तिची नोंद करून द्यावी लागते. नाहीतर गाडी जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशेबाने चार्ज करत राहते. बॅटरी केबिनमध्ये, सीटखाली किंवा डिकीत असेल तर तिची वायू बाहेर नेणारी बारीक नळी जोडलेली आहे का, हेही बघा. बदलताना ती लोंबकळत सोडून देणारे महाभाग कमी नाहीत.

साधा मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.२ म्हणजे निम्मी उतरली. सेल्फ मारताना आकडा ९.६च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू असताना, हेडलाईट आणि ब्लोअर चालू करून १३.८ ते १४.८च्या दरम्यान हवेत. नव्या पद्धतीचे अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारे) मुद्दाम मधूनच कमी देतात, म्हणून लोड देऊनच बघायचं. अर्थिंगसाठी मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट दोषी. पाच लाईट विझवायला दहा मिलिमीटरचा पाना आणि सँडपेपर पुरल्याची उदाहरणं या धंद्यात भरपूर आहेत.

एक मात्र कुणालाही करू देऊ नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढायची आणि 'डायनॅमो चार्ज करतोय का' ते बघायचं, ही जुनी तपासणी. ती अँबेसिडरच्या काळात चालून जायची. आज त्या क्षणी अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि चांगली मॉड्यूल्स जातात. मग २ लाख ४० हजारांचं कोटेशन खरं ठरतं!

चार दिवसांत बॅटरी उतरण्याचं गणित सोपं आहे. झोपलेल्या गाडीने ०.०५ अँपिअरच्या आतबाहेर खावं, म्हणजे दिवसाला सव्वा अँपिअर-अवर. तुमची बॅटरी ९५ची धरली आणि ती चार दिवसांत निम्म्याहून खाली येत असेल, तर काहीतरी साधारण ०.६ अँपिअर खातंय. ते शोधायला मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर, निगेटिव्ह तारेच्या मध्ये लावतात. त्याआधी दारांचे आणि बोनेटचे लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवायचे, म्हणजे गाडीला सगळं बंद वाटतं. किल्ली घरात लांब ठेवायची आणि तासभर हात लावायचा नाही. मीटर मध्ये असताना सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जाईल. तारेभोवती चिमट्यासारखा लागणारा डीसी क्लॅम्प मीटर असेल तर तार सोडावीही लागत नाही.

आकडा जास्त आला की बहुतेक जण एकेक फ्यूज उपटत सुटतात. त्याने झोपलेली मॉड्यूल्स जागी होतात आणि मोजमाप बिघडतं. फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मीटर मिलिव्होल्टमध्ये लावा. शून्य म्हणजे त्यातून काही वाहत नाही. एखाद-दोन फ्यूजांवरच आकडा दिसेल आणि खाणारी लाइन तिथून सापडेल.

तुमच्या बाबतीत पैज लावायची तर मी डिकीकडे बोट दाखवेन. डिकीच्या बिजागरीजवळ रबरी नळीतून वायरींचा जुडगा जातो. दहा वर्षं उघडझाप होऊन त्या वायरी आत तुटतात, आवरण सोलवटतं, एकमेकींना किंवा पत्र्याला टेकतात. डिकी आपोआप उघडणं, फ्यूज उडणं, मागचा कॅमेरा मधूनच जाणं, ही त्याचीच लक्षणं. रबर मागे सरकवून बघायला दहा मिनिटं लागतात. सापडल्यास तिथे नुसतं पिळून टेप मारू देऊ नका. तितक्याच जाडीची लवचीक वायर, जोड बिजागरीपासून दूर आणि त्यावर चिकट अस्तराची हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), असं काम करून घ्या.

आणि पावसाळ्यापासून सुरू झालं असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या खांबांमधून खाली येतात. धूळ आणि पाला बसला की त्या तुंबतात आणि पाणी छतातून आत, मॅटिंगखाली जातं. वरून गालिचा कोरडा लागतो, खालचा स्पंज मात्र पिळता येईल इतका ओला असतो, आणि त्याच स्पंजाच्या शेजारी कपलर आणि मॉड्यूल्स बसवलेली असतात. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातही पाहा, कारण अनेक गाड्यांत बॅटरी आणि अँप्लिफायर तिथेच असतात. सनरूफ उघडून एकेका कोपऱ्यात पेलाभर पाणी सावकाश ओता. ते गाडीखाली ठिबकलं पाहिजे. तुंबलेली नळी लवचीक नायलॉनच्या तारेने मोकळी करा. कंप्रेसरची जोरदार हवा मारू नका, आतला जोड निसटतो. वायपरखालच्या जाळीतला पालाही काढा. तांब्यावर हिरवट भुकटी धरलेले कपलर नुसते फवारा मारून सुधारत नाहीत, पिना बदलाव्या लागतात.

यातच आणखी एक शंका. तुमची गाडी दिल्लीहून आली. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५च्या आदेशापासून बंधनं आली, म्हणून अशा गाड्या दहाव्या वर्षाच्या आसपास स्वस्तात बाहेरच्या राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. यात गैर काही नाही. पण जुलै २०२३मध्ये यमुनेने दिल्लीत २०८ मीटरची पातळी ओलांडली होती आणि तुम्ही गाडी घेतलीत त्यानंतर सहा-आठ महिन्यांनी. तुमची गाडी बुडालेली असेलच असं मी म्हणत नाही, तपासायला काही जात नाही एवढंच. सगळे सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून काढा आणि टोकाला मातकट रेघ आहे का बघा. सीटच्या रुळांवरचा गंज, डॅशबोर्डखालचे स्क्रू, मागच्या दिव्याच्या आतला गाळ पाहा. विमा कंपनीकडून जुन्या दाव्यांची माहिती मागा. पाण्याने बुडालेली निघाली तर माझा सल्ला बदलतो. त्या हार्नेसवर (गाडीभरच्या वायरिंगवर) पैसे घालू नका.

नंतर बसवलेल्या वस्तूंची यादीही करा. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, ओबीडीला (स्कॅनर जोडायच्या सॉकेटला) लावून ठेवलेलं यंत्र, जादा हॉर्न, अँप्लिफायर. आधीच्या मालकाच्या कर्ज कंपनीने बसवलेला ट्रॅकर अजून आत असू शकतो. ओबीडीतलं यंत्र गाडीला रात्रभर झोपू देत नाही. एकदा सगळं काढून चार दिवस बघा. बोनेटखाली उंदरांच्या लेंड्या आहेत का, तेही.

एअर सस्पेन्शनचा लाईट मात्र वेगळा धरा. सस्पेन्शनचा हवेचा फुगा गळत असेल तर तो भरणारा कंप्रेसर सारखा धावतो, तापतो, आणि त्याच्या रिलेचे (त्याला चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटले तर गाडी बंद असतानाही थांबत नाही. रात्रीच्या शांततेत, कुलूप लावून अर्ध्या तासाने, गाडीजवळ कान देऊन उभे राहा. घरघर ऐकू आली तर बॅटरी खाणारा तिथेच सापडला, आणि आग लावू शकणाराही. कंप्रेसर बदललात तर रिलेही बदला. आणि या गाडीखाली कुणीही स्टँड न लावता, जॅकवर भरवसा ठेवून जायचं नाही. हवा उतरली की ती न सांगता खाली बसते.

एअरबॅगचा लाईट लागलेला असताना अपघातात एअरबॅग उघडेलच असं धरता येत नाही. सीटखालचे पिवळे कपलर ढिले झाल्याने तो बरेचदा लागतो, पण त्यांना घरी हात लावू नका, मल्टिमीटर तर अजिबात नाही. मीटरचा तेवढासा करंटही एअरबॅग उडवू शकतो. ते काम बॅटरी सोडून, कंपनीने सांगितलेला वेळ थांबून, जाणकारानेच करायचं.

कंपनीच्या भारतातल्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरला १७ अक्षर-अंकी व्हीआयएन (गाडीचा चॅसिस क्रमांक) देऊन रिकॉल (दोष काढायला कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी आहे का विचारा. रिकॉलचं काम फुकट होतं, तुम्ही पहिले मालक नसलात तरी. हे कागदोपत्री सोपस्कार नव्हेत. नोव्हेंबर २०१७मध्ये बीएमडब्ल्यूने अमेरिकेत सुमारे १० लाख गाड्या आगीच्या धोक्यामुळे परत बोलावल्या. काहींत ब्लोअरच्या वायरिंगचा कपलर तापत होता, काहींत इंजिनवरच्या एका व्हॉल्व्हचा हीटर शॉर्ट होत होता.

आता कोटेशन. वर्कशॉपला तीन गोष्टी लेखी मागा. सगळ्या मॉड्यूल्सचा स्कॅन रिपोर्ट, बिघाडाचे कोड पुसण्याआधीचा. मॉड्यूलला येणारा पुरवठा आणि अर्थिंग लोडवर मोजल्याचे आकडे. आणि कपलर उघडून काढलेला फोटो. रिपोर्टमध्ये 'संपर्क तुटला' छापाचे कोड ढिगाने असतील तर ते मॉड्यूलविरुद्धचे पुरावे नव्हेत. बॅटरी सोडून ओबीडीच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये, म्हणजे मॉड्यूल्स ज्यांवर बोलतात त्या दोन तारांमध्ये, ६० ओहमच्या आसपास येतात का, हेही विचारा. मध्ये गेटवे (मध्यस्थ मॉड्यूल) असेल तर त्यांना ते थेट लाइनवर मोजावं लागेल, पण प्रश्न ऐकून समोरचा काय करतो त्यावरून त्याचं पाणी कळतं. यातलं काहीच नसेल तर तपासणीचे तासाचे पैसे देऊन दुसऱ्या, याच ब्रँडचं काम करणाऱ्या स्वतंत्र इलेक्ट्रिशियनकडे जा. तपासणीला पैसे देणं आपल्याकडे जड जातं, आणि म्हणूनच मेकॅनिक पार्ट बदलून ते वसूल करतो. गाडी न्यायची ती फ्लॅटबेड ट्रकवर चढवून, दोरीने ओढत नाही.

विकण्याबद्दल. दहा वर्षांची ही गाडी १६ लाखांना मिळाली तरी तिचे पार्ट ८० लाखांच्या गाडीचेच आहेत. हा हिशेब वडिलांनी बरोबर केलाय. वर्षाला दीड-दोन लाख बाजूला ठेवण्याची तयारी नसेल तर विकणं शहाणपणाचंच. मात्र दुरुस्त करून विका, किंवा सांगून विका. माहीत असलेला दोष झाकून विकणं भारतीय करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे फसवणुकीत मोडतं. त्याहीपेक्षा, त्या सीटवर उद्या दुसऱ्याची मुलं बसणार आहेत. सौद्याच्या कागदावर दोष, केलेलं काम आणि बिलं नोंदवा. आरसी नव्या मालकाच्या नावावर होईपर्यंत कागदोपत्री मालक तुम्हीच राहता, हेही विसरू नका.

ठेवायची ठरवलीत तर १ किलोचा एबीसी पावडरचा आग विझवायचा सिलिंडर चालकाच्या हाताशी ठेवा, डिकीत नको. वास किंवा धूर आला की गाडी कडेला, इंजिन बंद, सगळे बाहेर, ३० मीटर लांब, मग १०१ किंवा ११२. धूर येत असताना बोनेट पूर्ण उघडायचं नाही, हवा मिळून भडका उडतो. काच फोडायचा हातोडा घेण्याआधी काचेच्या कोपऱ्यातला छाप वाचा. महाग गाड्यांत बाजूच्या काचाही पुष्कळदा लॅमिनेटेड असतात, आणि ती काच हातोड्याने तडकते पण गळून पडत नाही. टेम्पर्ड, म्हणजे फुटून गळून पडणारी, कोणती आहे ते घरच्या सगळ्यांना दाखवून ठेवा. मुलं आत असताना बाहेरून रिमोटने लॉक करू नका. काही जर्मन गाड्यांत तसं केल्यावर दार आतूनही उघडत नाही. तुमची त्यातली आहे का, हे पाहायला काच खाली ठेवून स्वतः आत बसा आणि पत्नीला बाहेरून लॉक करायला सांगा.